कोनाड्याची खंडेनवमी

मूर्खाच्या हातात हुशार यंत्र दिलं की तो स्वतःलाच हुशार समजायला लागतो. आमचे जावई ईशानराव घोरपडे यांचं नेमकं हेच झालं. त्यांच्या कंपनीनं एक यंत्र केलंय, नाव ‘घार’. इंटरनेटवर तोंड लपवून बसलेल्या माणसांना हुडकून काढणं हा घारीचा धंदा. हुडकते घार, आणि कॉलर ताठ होते ह्यांची.

मी मंदाकिनी साळोखे. कोल्हापुरात पॉलिटेक्निकला जन्मभर संगणकांचं नेटवर्क शिकवलं. पोरं पाठीमागं मला ‘लवंगी’ म्हणायची. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. मूर्खपणा मला सोसत नाही. नवऱ्याचा तेवढा सोसते, कारण बापूसो लाखातला माणूस आहे. उद्यमनगरात आमच्या घराच्या मागच्या अंगाला त्यांचा छोटा कारखाना आहे: दोन लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस आणि ॲल्युमिनियम वितळवायची भट्टी.

पूर्वी इंटरनेटवर कुणीही टोपणनावानं लिहू शकायचं. मग ओळखक्रमांकाचा कायदा आला. क्रमांक दिल्याशिवाय एक अक्षर टाकता येईना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘कर नाही त्याला डर कशाला!’ हे तर गल्लीतल्या प्रत्येक शहाण्यानं मला घरी येऊन ऐकवलं. मग एका बाईनं इस्पितळाबद्दल चार ओळी खरडल्या, तिच्या दारात वकिलाची नोटीस. एका मास्तरांनी शाळेच्या गळक्या छपराचा फोटो टाकला, त्यांची बदली पार दुसऱ्या टोकाला. झालं! टाळ्या वाजवणारे हात तोंडावर गेले. आता सगळं गाव रोज सकाळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतं आणि दिवसभर मूग गिळून बसतं. शेळपट मेले.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी कोनाडा काढला.

कोनाडा म्हणजे काय ते सांगते. नीट ऐका, दोनदा सांगणार नाही. उघड्या इंटरनेटच्या आत एक बिननावाचं जाळं आहे. जगभरातल्या लोकांनी आपापले संगणक त्याला निरोपे म्हणून दिलेत. तुम्ही निरोप पाठवलात की तो डब्यात डबा, त्यात डबा, असा तीन कुलपांत बंद होतो. पहिला निरोप्या बाहेरचं कुलूप काढतो; डबा कुणी दिला ते त्याला कळतं, कुठं जाणार ते कळत नाही. मधल्याला अलीकडचा आणि पलीकडचा निरोप्या दिसतो, माणूस एकही दिसत नाही. तिसऱ्याला मुक्काम कळतो, पण डबा मुळात कुणाचा हे कळत नाही. अख्खी गोष्ट कुणा एकाच्या हाती लागतच नाही.

कोनाडा ह्याच्याही पुढचा. तिथं येणाराही लपलेला आणि घर मांडून बसलेलाही लपलेला. तुम्ही तीन निरोप्यांमागून येता, मी तीन निरोप्यांमागून येते, आणि मधल्याच कुठल्यातरी चौकात आपण डोक्यावरून घोंगडी घेऊन भेटतो. तुम्ही कोण ते मला कळत नाही, मी कोण ते तुम्हाला कळत नाही, आणि त्या चौकाला तर दोघंही माहीत नसतात. कोनाड्याचा पत्ता म्हणजे अगम्य अक्षरांची एक लांबलचक माळ. ती माझ्याजवळच्या गुप्त किल्लीतूनच निघते, त्यामुळं दुसरा कुणी ‘मीच कोनाडा’ म्हणून बसू शकत नाही. ही किल्ली आणि आलेले सगळे कागद एका डबीत असतात. साबणाच्या वडीएवढी डबी. ती मी कारखान्यात लेथच्या मागं, ऑइलच्या डब्यांच्या आड ठेवली होती. तिला बॅटरी जोडलेली होती, म्हणजे वीज गेली तरी कोनाडा उघडा. बापूसोंना सांगितलं, पॉलिटेक्निकचं जुनं काहीतरी आहे, हात लावू नका. त्यांनी जास्त विचारलं नाही, मी जास्त सांगितलं नाही. संसार असाच टिकतो.

एवढ्या बंदोबस्तात एकच गोष्ट लपवता येत नाही: दुकान उघडं आहे की बंद. ते कुणालाही बाहेरून ठोठावून बघता येतं. कोनाडा बंद पडला तर नेमका कधी पडला आणि नेमका कधी उघडला, हे सगळ्या जगाला दिसतं. म्हणून तो कधीच बंद पडू द्यायचा नसतो.

कोनाड्यात पुष्कळ माणसं आली. बहुतेकांना शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार करायची होती. अरे, जगाला वळसा घालून, तीन कुलपांत लपून यायचं आणि सांगायचं काय, तर कुत्रं आमच्या दारात घाण करतं! अशांना मी उत्तरसुद्धा देत नव्हते. मग श्रावणात एक जण आला. त्यानं नाव घेतलं ‘ऐरण’.

ऐरण आरोग्यधारा कंपनीत होता. मधुमेहाच्या पेशंटांसाठी त्यांचा पंप आहे. पोटाच्या कातडीखाली बसवतात. आतला सेन्सर साखर मोजतो आणि पंप लागेल तेवढं इन्शुलिन सोडतो. आमच्या भागात दोन घरांआड एकाच्या पोटात तो पंप आहे. बापूसोंच्याही आहे; आमची लेक संयोगिता त्याच कंपनीच्या चाचणी विभागात कामाला, तिनंच बापाच्या मागं लागून बसवायला लावला.

ऐरणनं सांगितलं ते असं. सेन्सरमधलं रसायन झळीला टिकत नाही. कातडी तापली की ते साखर आहे त्याहून जास्त दाखवतं. पंप बिचारा हुकमाचा ताबेदार, तो जास्तीचं इन्शुलिन सोडत राहतो. साखर उतरत जाते, दरदरून घाम फुटतो, झापड येते, आणि झाडाखाली घटकाभर आडवा झालेला माणूस परत उठत नाही. डॉक्टर लिहितात ‘उष्माघात’. कंपनीच्या चाचण्यांत हे केव्हाच आलं होतं. 

‘मग तुमचे साहेब काय म्हणाले?’ मी लिहिलं.

‘आमच्या साहेबांना आकडा आवडला नाही की ते आकडा काढणाऱ्याची बदली करतात,’ ऐरणनं लिहिलं.

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांत कुणाशी बोलावंसं वाटलं नव्हतं, ते ह्या घोंगडीतल्या माणसाशी वाटायला लागलं. पन्नाशीचा, एकटा राहणारा, पोट सुटलेला, बायकोनं सोडलेला इंजिनियर असणार, असं मी मनाशी पक्कं केलं. आपला माणूसच आलाय हे ओळखायला आम्ही एक खूण ठरवली. मी विचारायचं, ‘भाकरी फुगली का?’ आणि त्यानं म्हणायचं, ‘एका बाजूनं करपली.’ खूण त्याचीच.

एकदा तो लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, मला भीती वाटते. मी फटकारलं, ‘भित्र्यांनी माझ्या दारात येऊ नये.’ दोन दिवस आला नाही. मला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘भीती वाटतेच आहे. तरी आलोय.’

ऐरणचा एकेक कागद जपावा लागे. ह्या कंपन्या प्रत्येक नोकराला मिळणाऱ्या प्रतीत न दिसणारी खूण पेरतात. शब्दांमधली जागा केसभर इकडं, केसभर तिकडं. मूळ प्रत हाती लागली की ती कुणाची ते लगेच कळतं. म्हणून आलेला कागद मी धुऊन काढायची, म्हणजे सगळा नव्यानं मांडायची, आणि मूळ प्रत पुसून टाकायची. त्याला अख्खा दिवस जायचा. आता एकच कागद यायचा राहिला होता. सगळं ठाऊक असूनही पंप विकत राहा, असा हुकूम आणि त्याखाली साहेबाची सही. तो आला की मी सगळे कागद वर्तमानपत्रं, डॉक्टर, कोर्ट, सगळ्यांकडं एकाच वेळी उघडणार होते. त्या सहीशिवाय उघडलं असतं तर ‘सगळं बनावट’ म्हणून कंपनी मोकळी झाली असती. ‘दसऱ्याच्या सुट्टीत देतो,’ ऐरण म्हणाला होता.

हे कळल्यापासून बापूसोंना मी उन्हात जाऊ देत नव्हते आणि रोज बोटाला टोचून जुन्या पद्धतीनं साखर बघत होते. पंप काढायचा तर ऑपरेशन, आणि का काढताय हे डॉक्टरनं कंपनीला कळवायचं. नशीब म्हणायचं, भट्टी पाडव्यालाच बंद झाली होती. तीही संयूच्याच हट्टानं. ‘बापू, आता भट्टीपुढं उभं राहायचं नाही,’ म्हणून पाडव्याला जेवणाच्या ताटावर रडून गोंधळ घातला तिनं. कारण विचारलं तर सांगेना. मी म्हणाले, लाज वाटते बयेला काळ्या हाताच्या बापाची! एवढी शिकवली, आणि करते काय, तर साहेबांच्या हो ला हो. नवराही तसलाच शोधला. बापूसोंनी मात्र लेकीचा शब्द खाली पडू दिला नाही. भट्टी विझवली, कारखान्याला कुलूप घातलं.

कामाचा माणूस रिकामा बसला की घर डोक्यावर घेतो. बापूसोंनी कारखाना झाडायला काढला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तर कोपरा न् कोपरा पुसला.

आमच्या गावात खंडेनवमी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सगळ्या उद्यमनगरात यंत्रं धुऊनपुसून ठेवतात, मुहूर्ताला सगळी बंद करतात, हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. वर्षभर राबलंय, एक दिवस निजू दे त्याला, असं बापूसो म्हणतात. मी दरवर्षी नाक मुरडते. लोखंडाला कसली झोप?

खंडेनवमीला दुपारी बाराच्या सुमारास ऐरण आलाय का बघायला मी बसले, तर कोनाडाच लागेना. धावत कारखान्यात गेले. लेथवर झेंडूची माळ, प्रेसवर माळ, आणि ऑइलचे डबे बाजूला सारून पाटावर मांडलेली माझी डबी! वायर काढलेली, बटण बंद, अंगाला हळदकुंकवाची पाच बोटं, वर दुर्वा.

“हे काय केलंत तुम्ही?”

“बिचारं वर्षभर लुकलुकत असतंय,” बापूसो कौतुकानं म्हणाले. “त्याला कोण हळदकुंकू लावणार? म्हटलं, ह्याला पण बसवूया ओळीत.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?” मी दुर्वा उडवून दिल्या आणि वायर खुपसली.

“अगं, उद्या पूजा उतरली की कर की चालू. एक दिवसानं काय बिघडतंय?”

“तुमच्या अडाणीपणासाठी जग थांबत नाही!” आणि मी बटण दाबलं. दिवा लागला.

बापूसो माझ्याशी कधी भांडत नाहीत. त्या दिवशीही भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “देवाला उठवलंस तू.”

दसऱ्याला सकाळीच ऐरणचा शेवटचा कागद येऊन पडला. सही होती, शिक्का होता. मी हरखून गेले. धुवायला संध्याकाळी बसायचं ठरवलं, कारण लेक-जावई जेवायला येणार होते आणि पुऱ्या तळायच्या होत्या.

ईशानराव आले, पाटावर बसले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, “मामी, श्रीखंड काय झालंय, वा!”

“विकतचं आहे,” मी म्हणाले.

त्यांना कशाचं काही वाटत नाही. दुसरी वाटी संपवून ते ऐसपैस झाले. “मामी, तुमच्या विषयातली गंमत सांगतो. तुमच्या वेळचं ते सगळं आता जुनं झालं म्हणा. कोनाडा नावाचं एक लपलेलं ठिकाण आहे. आरोग्यधाराचे कागद चोरून कुणीतरी तिथं नेऊन देतंय. संयूच्या ओळखीनंच हे हुडकायचं काम आमच्या कंपनीला मिळालं.”

संयू ताटात बघत होती. मीही पुऱ्यांकडं बघितलं.

“घार त्याच्यावर कधीपासून घिरट्या घालतीय. पण बंदच पडत नव्हतं हो ते! आणि काल पडलं. सकाळी बंद, दुपारी चालू. आता घरोघरी नवे मीटर आहेत ना, ते सेकंदासेकंदाला कळवत असतात, कुठल्या घरानं किती वीज ओढली. ठिकाण बंद झालं त्या क्षणी कुणाचा वापर इवलासा उतरला, चालू झालं त्या क्षणी कुणाचा चढला, एवढंच जुळवायचं. बॅटरी असली तरी ती भरायला वीज लागतेच.”

मी कढईत पुरी सोडली. मग म्हणाले, “काल खंडेनवमी होती. मुहूर्ताला सगळ्या गावानं यंत्रं बंद केली असतील. त्यात कुणाचं कोण, कसं हुडकणार तुमची घार?”

“हाच तर तिढा! लाखभर मीटर एकदम खाली आले. घारीला काही कळेना. मुंबईचे साहेब म्हणाले, नाद सोडा. मी म्हणालो, थांबा साहेब. मी कोल्हापूरचा आहे.” इथं त्यांनी छाती फुगवली. “आमच्याकडं पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्राला कुणी बोट लावत नाही. बंद करणारे लाखभर असतील. पण खंडेनवमीच्या भर दुपारी यंत्र चालू करणारा दिवटा सगळ्या गावात एकच निघणार!”

बापूसोंचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. त्यांच्या पूजेनं कोनाडा लाखभर यंत्रांच्या गर्दीत झाकला होता. उघडा पाडला तो मी.

ईशानरावांचा फोन वाजला. “आला बघा निकाल,” म्हणत त्यांनी उचलला, वाचला आणि चेहरा पिठासारखा पांढरा झाला. “उद्यमनगर. साळोखे... मामा, हा तर तुमचा मीटर आहे.”

कढईतली पुरी काळी पडत होती.

“मामी?” ते म्हणाले. 

“निकाल तुझ्या एकट्याकडंच येतो का?” संयूनं विचारलं.

“नाही गं. आरोग्यधाराला जातो, पोलिसांना जातो, आपोआप. निघाले असतील ते.” मग ते माझ्यापुढं अक्षरशः हात जोडून उभे राहिले. “मामी, ते यंत्र माझ्याकडं द्या. तुमचं नाव मी सांभाळून घेतो. त्यांना तुम्ही नकोच आहात. त्यांना आतला चोर पाहिजे. कोण आहे तो, एवढंच सांगा.”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणाले, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

संयूनं ताट बाजूला सारलं. माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, “आई, भाकरी एका बाजूनं करपली.”

“भाकरी कुठली? पुऱ्या आहेत,” ईशानराव म्हणाले.

ऐरणची खूण! पन्नाशीचा, एकटा राहणारा, पोट सुटलेला इंजिनियर! मी गॅस बंद केला. पाडव्याचं रडणं आठवलं. बापाची लाज नव्हती तिला. बापाचा जीव जाईल म्हणून धास्ती होती.

“घरी का नाही सांगितलंस गं?” मी विचारलं.

“घरी तू कधी ऐकून घेतेस आई? कोनाड्यात ऐकायचीस.” ती रागावलेली नव्हती, हेच जास्त लागलं. “मलाही तर आत्ता कळलं, ऐकणारी तू होतीस.”

ईशानरावांना उशिरा का होईना, उजेड पडला. “म्हणजे तू? संयू, तू? अगं, काम मी आणलं, घार मी लावली! माझं काय होणार आता?”

“तू जेवून घे,” संयू म्हणाली.

आम्ही तिघं मागं कारखान्यात गेलो. डबी लेथमागं लुकलुकत होती. आतला सकाळचा कागद धुतलेला नव्हता. त्याच्या ओळीओळीत माझ्या लेकीची खूण होती. धुवायला वेळ नव्हता. मी डबी उचलून प्रेसखाली ठेवली. “बापूसो, प्रेस चालू करा. चुरा होऊ दे हिचा.”

मला वाटलं, हा माणूस आता पूजेचं काढणार. लग्न होऊन आल्यापासून दसऱ्याची पूजा उतरायच्या आधी त्यांनी यंत्राला हात लावलेला मी पाहिला नव्हता, सख्खा भाऊ मोडलेला सुटा भाग घेऊन आला तेव्हासुद्धा नाही. बापूसोंनी प्रेसवरची झेंडूची माळ काढली, कपाळाला लावली, खाली ठेवली आणि बटणाकडं हात नेला.

“बापू, नको,” संयू म्हणाली. “आज यंत्राला हात लावायचा नाही.”

“तू मध्ये पडू नकोस,” मी ओरडले. “चुरा झाला की तुझं नाव कुणाला कळणार नाही!”

“आणि सहीपण जाईल. दुसरी प्रत मला आता जन्मात मिळणार नाही. बापूंच्या पोटात पंप तसाच, गावाच्या पोटात पंप तसाच. उघड आई. आत्ताच्या आत्ता उघड.”

“खुणेसकट?”

“खुणेसकट.”

“नोकरी जाईल. तुरुंगात घालतील. नवरा...” मी थांबले. नवऱ्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

“मी भित्रीच आहे आई. पण भित्र्यांनी माझ्या दारात येऊ नये, असं तूच लिहिलं होतंस. तरी आले ना मी?”

मी डबी प्रेसखालून काढून पुन्हा वायरीला जोडली आणि फोन हातात घेतला. जन्मभर दुसऱ्याला भेकड म्हणत आले, आणि एवढीशी डबी उघडताना परवलीचा शब्द दोनदा चुकला. बापूसो शेजारी येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा बरोबर पडला. मी एक कळ दाबली आणि ऐरणचे सगळे कागद, धुतलेले आणि न धुतलेला, जगभर गेले. लपवायला काढलेल्या कोनाड्यातून शेवटी बाहेर पडलं ते माझ्याच मुलीचं नाव.

मग मी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. मी काल उडवलेल्या दुर्वांतली एक बापूसोंनी उचलून डबीवर ठेवली. “आता निजू दे,” ते म्हणाले. मी होय म्हणाले.

दारात जीप थांबली तेव्हा उन्हाची काहिली होत होती. कंपनीचे दोन गुळगुळीत दाढी केलेले साहेब गाडीतल्या थंड हवेत बसून राहिले, हात काळे करायला कोण उतरतंय! पायऱ्यांपाशी आला तो एकटा हवालदार, घामानं निथळत. ईशानराव त्याला बघून न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली.

संयूनं देवापुढचं तबक उचललं. आपट्याची पानं घेऊन ती दारात गेली. “या. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.”

हवालदारानं सवयीनं हात पुढं केला, पानं घेतली, कपाळाला लावली. “तुम्हीपण राहा ताई,” म्हणाला. मग आपण कशाला आलोय ते आठवून तो ओशाळला. म्हणाला, “यंत्र घ्यायला आलोय. आणि...” तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. मग जीपमधल्या साहेबांचे वाजले. मग शेजारच्या घरातला, समोरच्या घरातला. हवालदार उन्हात उभ्या उभ्या वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा डावा हात शर्टावरून पोटाशी गेला आणि तिथंच थांबला.

साहेबांनी जीपचा हॉर्न वाजवला. त्यानं मागं बघितलं नाही.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “मला मागच्या महिन्यात बसवलाय. सकाळपासून दसरा चौकात बंदोबस्ताला उभा होतो. मगापासून घाम थांबंना झालाय. हे खरं हाय काय?”

संयूनं तबक माझ्या हातात दिलं आणि त्याचा दंड धरला. “खरं आहे. आधी सावलीत या,” ती म्हणाली. “आई, साखर आण, पटकन.”